सुईलाच आवाज करायला लावा

"आता रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर कळणार!" ही बातमी गेल्या पंधरा-वीस वर्षांत किती वेळा वाचली असेल याची मोजदाद मी सोडून दिलीय. थेंबाच्या जागी कधी श्वास असतो, कधी थुंकी, कधी घाम. शेजारी हातमोजा घातलेल्या हातातली परीक्षानळी. आणि अगदी शेवटच्या ओळीत, दबक्या आवाजात, "हे प्रयोग सध्या उंदरांवर झाले आहेत." उंदीर व्हावं आणि कॅन्सर व्हावा, इतक्या लवकर निदान दुसऱ्या कुणाचंच होत नाही!

आज ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्यांच्या कामाच्याही अशाच बातम्या येतात, आणि त्याही बहुतेक उंदरांच्याच. तरी मला त्यांचं काम या गर्दीत वेगळं वाटतं. का वाटतं ते नीट मांडावं म्हणून हा विकांत खर्ची घातला.

संगीता भाटिया. अमेरिकेत एमआयटीमध्ये प्राध्यापक. जन्म १९६८चा, आई-वडील भारतातून तिकडे गेलेले. ब्राउन विद्यापीठातून बायोमेडिकल इंजिनिअरिंग, मग एमआयटीतून पीएचडी, आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून हार्वर्डमधून डॉक्टरकी. घरात करिअरचे पर्याय तीनच होते, डॉक्टर, इंजिनिअर नाहीतर उद्योजक, असं त्या मुलाखतीत सांगतात. बाईंनी तिन्ही करून टाकलं. मधली काही वर्षं सॅन दिएगोला बायोइंजिनिअरिंग शिकवलं आणि २००५ पासून त्या एमआयटीत आहेत. गंमत म्हणजे तिथे त्यांच्या पदाच्या लांबलचक नावात कॉम्प्युटर सायन्सही येतं, म्हणजे कागदोपत्री त्या आमच्याच खात्यातल्या.

सुरुवात मात्र कॅन्सरपासून नाही, लिव्हरपासून झाली. लिव्हरच्या पेशी शरीराबाहेर काढून बशीत ठेवल्या की थोड्याच दिवसांत काम करणं सोडून देतात. भाटियाबाईंनी चिप बनवणाऱ्यांचं तंत्र उचललं, प्रकाशानं नक्षी छापायचं. त्या नक्षीवर लिव्हरच्या पेशींची छोटी छोटी बेटं केली आणि भोवती आधाराला दुसऱ्या जातीच्या पेशी. शेजार चांगला मिळाल्यावर त्याच पेशी आठवडेच्या आठवडे काम करू लागल्या. औषध माणसाला देण्याआधी ते लिव्हरला बाधेल का, हे बघायला याचा उपयोग होतो. हे सगळं इथे सांगायचं कारण एवढंच की या बाईंची सवय तेव्हापासूनच दिसते. पेशीशी झटापट करायची नाही, परिस्थिती बदलायची.

आता मूळ मुद्दा. शरीरात काय चाललंय हे ओळखणाऱ्या उपकरणाला बायोसेन्सर म्हणतात. आपल्याकडे घरोघरी पोचलेला बायोसेन्सर एकच, ग्लुकोमीटर. त्याची मूळ कल्पना लेलँड क्लार्क यांनी १९६२ साली मांडली. साखरेवर काम करणारं एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवायचं आणि विजेच्या भाषेत उत्तर घ्यायचं. पण साखर हे सोपं गिऱ्हाईक आहे हो. एका मिलिलिटर रक्तात ती सुमारे एक मिलिग्रॅम असते, म्हणजे अक्षरशः रेलचेल. याउलट प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी जे पीएसए मोजतात, त्याची नेहमीची मर्यादा मिलिलिटरला चार नॅनोग्रॅम. भागाकार करून बघा, साखरेच्या अडीच लाखपट कमी. आणि हे ते प्रोटीन बऱ्यापैकी वाढलेलं असताना! गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी असेल तर ती काय सोडणार, पाच लिटर रक्तात ते किती पातळ होणार, आणि तिथली हजारो प्रोटिन्स जो कलकलाट करत असतात त्यात ते ऐकू कसं येणार?

हे वाचताना मला मावशी आठवत होती. लातूर जिल्ह्यातलं गाव. सात-आठ महिने पोट फुगतंय, ॲसिडिटी आहे, असं म्हणत गोळ्या चालल्या. मग सोनोग्राफी, मग ओव्हरीचा कॅन्सर, तिसरी स्टेज. तिच्या फायलीतला पहिला मोठा आकडा सीए-१२५ या रक्तचाचणीचा. ती गेल्यानंतर मावसभाऊ कितीतरी दिवस एकच विचारत राहिला, "दादा, हीच टेस्ट दोन वर्षं आधी केली असती तर? हजार-बाराशे रुपयांचा तर प्रश्न होता."

त्याचं उत्तर मला खूप उशिरा, वाचता वाचता मिळालं. स्टॅनफर्डचे संजीव गंभीर, मूळचे अंबाल्याचे, रेडिओलॉजी आणि बायोइंजिनिअरिंगचे प्राध्यापक. त्यांनी आणि शॅरन होरी यांनी २०११ साली नेमकं हेच गणित मांडलं. त्यांच्या मॉडेलप्रमाणे आजच्या रक्तचाचण्यांना ओव्हरीतली गाठ जाणवायला ती दहा वर्षांच्या वर वाढलेली आणि अडीच सेंटीमीटरची झालेली असावी लागते. मॉडेल म्हणून सोडून द्यायचं, तर ब्रिटनमधली प्रत्यक्ष चाचणी घ्या. दोन लाखांवर बायका, काहींची दरवर्षी सीए-१२५, काहींची सोनोग्राफी, बाकीच्यांची काहीच नाही. २०२१ साली शेवटचा निकाल आला. रक्तचाचणीच्या गटात काही कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडले, पण ओव्हरीच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू कुठल्याच गटात कमी झाले नाहीत. हे मी मावसभावाला सांगितलं. त्याला बरं वाटलं की वाईट, ते कळलं नाही. पण तो प्रश्न त्यानं परत विचारला नाही.

(गंभीरांबद्दल आणखी एक. त्यांचं सगळं आयुष्य कॅन्सर लवकर पकडण्यात गेलं. त्यांचा मुलगा मिलन सोळाव्या वर्षी, २०१५ मध्ये, मेंदूच्या कॅन्सरनं गेला आणि २०२० मध्ये ते स्वतःही कॅन्सरनंच गेले. यावर मला काही लिहिता येत नाही.)

म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधायची आहे आणि सगळे भिंगाची ताकद वाढवत बसलेत. भाटियाबाईंचं म्हणणं असं की सुई जर आपणहून आवाज करत नसेल, तर तिला आवाज करायला लावा.

हे मला चटकन पटलं, कारण आमच्या धंद्यात आम्ही रोज तेच करतो. प्रोग्रॅम कुठेतरी गडबड करतोय आणि लॉगमध्ये काहीच नाही. तेव्हा आहे तोच लॉग दहा वेळा वाचणारा नवशिका असतो. जुना माणूस संशयाच्या जागी आपलीच एक ओळ घुसवतो, "इथे आलास तर ओरड." गडबड आतच राहते, पण ती आता आपण ठरवलेल्या शब्दांत बोलते.

इथे ती घुसवलेली ओळ म्हणजे नॅनोकण. त्याच्या अंगावर पेप्टाइडच्या छोट्या शेपट्या लावायच्या आणि तो रक्तात सोडायचा. वाढणाऱ्या गाठीला आजूबाजूच्या ऊतींमधून वाट काढायची असते, त्यासाठी ती प्रोटिएझ नावाची एन्झाइम्स वापरते. ही एन्झाइम्स म्हणजे कात्र्याच. कण गाठीत पोचला की त्या कात्र्या शेपट्या कापतात. अख्खा कण मूत्रपिंडाच्या गाळणीतून जात नाही, तिथे पाच-सहा नॅनोमीटरच्या वरचं काही सहसा पलीकडे जाऊ देत नाहीत. कापलेला तुकडा मात्र अलगद गाळून लघवीत उतरतो. आणि खरी मेख अशी, की एक प्रोटीन म्हणजे एक रेणू, पण एक कात्री म्हणजे शेकडो-हजारो तुकडे. वर मूत्रपिंड पाणी काढून घेऊन ते आणखी दाट करून देतं. आवाज वाढवायचा ॲम्प्लिफायर शरीरानंच फुकट दिला!

हे सुचलं कसं, तेही छान आहे. भाटियांचा गट एमआरआयमध्ये गाठ नीट दिसावी म्हणून कण बनवत होता. कात्रीनं शेपटी कापली की कण एकमेकांना चिकटतील आणि गाठ उठून दिसेल, असा बेत. ते करताना लक्षात आलं की कापलेले तुकडे लघवीत ठळक दिसताहेत. दुसऱ्या कुणी तो कचरा म्हणून सोडला असता. यांनी कचऱ्यालाच उत्तर मानलं आणि एमआरआय बाजूला ठेवला. २०१२-१३ मध्ये पहिला मोठा पेपर आला. एकाच वेळी अनेक वेगवेगळ्या शेपट्या, प्रत्येकीचं वजन थोडं वेगळं, म्हणजे कुठली कापली गेली ते ओळखता येतं. पण वजन करायला मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, आणि तो काय तालुक्याच्या गावी असतो? २०१४ मध्ये त्याच तुकड्यांसाठी कागदाची पट्टी केली, प्रेग्नन्सी टेस्टची असते तशीच. २०१७ मध्ये उंदरांमधल्या दोन मिलिमीटरपेक्षा लहान, ओव्हरीच्या कॅन्सरच्या गाठी पकडल्या. अडीच सेंटीमीटर आठवतायत ना?

हे सगळं मी हापिसात जेवताना एका मित्राला रंगवून सांगितलं. तो शांतपणे डबा संपवत म्हणाला, "म्हणजे पेपर भरपूर, प्रॉडक्ट शून्य."

हिशेब म्हणून तो बरोबर आहे. भाटियांनी २०१५ मध्ये ग्लिम्प्स बायो नावाची कंपनी काढली, तिला चांगलं भांडवल मिळालं, लिव्हरच्या आजारावर तिनं भर दिला, आधीच्या आवृत्तीचे कण माणसांत सुरक्षित आहेत हे पहिल्या टप्प्यात दिसलं. आणि २०२३ मध्ये ती सनबर्ड बायो या दुसऱ्या कंपनीनं घेतली. औषधाच्या दुकानात जाऊन विकत घ्यावी अशी पट्टी आजही नाही. पण यावरून "शून्य" म्हणणं मला मान्य नाही. आमच्या धंद्यानं लावलेली ही वाईट खोड आहे. दर दोन आठवड्यांनी काहीतरी डेमो दाखवायची सवय लागलेल्या माणसाला वीस वर्षांचं काम म्हणजे रखडलेला प्रोजेक्ट वाटतो. ग्लुकोमीटरचंच बघा. कल्पना १९६२, आणि त्या जातीचं खिशात मावणारं घरगुती मीटर बाजारात आलं १९८७ मध्ये. पंचवीस वर्षं, तीही साखरेसारख्या सोप्या गिऱ्हाइकासाठी.

शिवाय घाई केली की काय होतं त्याचाही नमुना आपल्यासमोर आहे. थेरानोस. २००३ मध्ये सुरू झालेली कंपनी, बोटाच्या टोकातल्या थेंबात शेकडो चाचण्या करण्याचं आश्वासन, अब्जावधी डॉलरची किंमत. २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं बिंग फोडलं, २०१८ मध्ये कंपनी बंद, २०२२ मध्ये संस्थापिका एलिझाबेथ होम्स यांना गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल अकरा वर्षांच्या वर शिक्षा. लोक तिला फक्त फसवणुकीची गोष्ट म्हणून सांगतात. मला त्यात इंजिनिअरिंगची गोष्ट जास्त दिसते. थेंब लहान केला की त्यातले रेणूही कमी होतात, आणि जे रेणू त्या थेंबात आलेच नाहीत ते कुठलंही यंत्र मोजू शकत नाही. मार्केटिंगला हे समजावता येत नाही म्हणून भौतिकशास्त्र बदलत नाही. भाटियाबाईंनी त्याच भिंतीसमोर उभं राहून भिंत नाही असं म्हटलं नाही. रेणू कमी आहेत, ठीक आहे, मग ते वाढवायचे कसे, हा प्रश्न घेतला.

अर्थात त्याची किंमत आहे, आणि ती मोठी आहे. रक्त काढून बाहेर तपासणं वेगळं आणि निरोगी माणसाच्या शरीरात काहीतरी सोडणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला औषधासारख्याच टप्प्याटप्प्याच्या चाचण्या लागतात, आणि लागायलाच हव्यात. कॅन्सर झालेला माणूस थोडा त्रास सोसेल. ज्याला काही झालेलंच नाही त्यानं का सोसावा? वर शरीरात कात्र्या काही फक्त गाठीच वापरत नाहीत. जखम भरताना, सूज आली तरी त्या चालतात. म्हणून एक नव्हे, अनेक शेपट्यांचा एकत्र नमुना बघावा लागतो. उंदराच्या पिंजऱ्यात सगळे उंदीर सारखे, खाणंपिणं सारखं. माणसं? कुणाला मधुमेह, कुणाला सांधेदुखी, कुणी तंबाखू लावणारा.

आणि एक हिशेब प्रत्येकानं एकदा कागदावर करून बघावा असा आहे. समजा दहा हजार माणसांत दहा जणांना तो आजार आहे. चाचणी ९९ टक्के अचूक, दोन्ही बाजूंनी. दहाच्या दहा सापडतील असं धरा. पण उरलेल्या ९,९९० निरोगी लोकांपैकी जवळजवळ शंभर जणांनाही ती "आहे" म्हणेल. म्हणजे घाबरून डॉक्टरकडे धावलेल्या एकशे दहा जणांत खरे आजारी दहा. "९९ टक्के अचूक" असं ठळक अक्षरांत छापणाऱ्यांनी हा भागाकार शेजारी छापायला हवा.

त्याहून कठीण गोष्ट म्हणजे खरा कॅन्सर सापडूनही उपयोग नसणं. दक्षिण कोरियात गळ्याच्या सोनोग्राफीची लाट आली आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरचं निदान पंधरापट वाढलं. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. हजारो लोकांचे थायरॉइड काढले गेले, जन्मभराच्या गोळ्या मागे लागल्या, आणि त्यातल्या बहुतेकांच्या गाठी त्यांना कधीच त्रास देणार नव्हत्या. म्हणून "लवकर सापडला" हे ऐकून लगेच टाळ्या वाजवू नयेत असं माझं मत आहे. मग मी भाटियांच्या बाजूनं का? कारण त्यांचे कण गाठ आहे का एवढंच विचारत नाहीत, ती काय करतेय ते विचारतात. ऊती कापत पुढे सरकणारी गाठ आणि नुसती बसून राहिलेली गाठ फोटोत सारखीच दिसू शकते. कात्र्या चालू आहेत की बंद, हा फरक माणसांत खरंच टिकला तर निदानाच्या शास्त्रात तो मोठा बदल ठरेल. टिकेलच असं मी म्हणत नाही. पण पैसे लावायला सांगितले तर मी आणखी ताकदवान भिंगावर न लावता यावर लावीन.

राहिली गोष्ट आपल्याकडची. चांगली चाचणी असणं आणि तिच्यामुळे माणसं वाचणं यात केवढं अंतर आहे हे मोजून दाखवणारे जगातले दोन मोठे प्रयोग महाराष्ट्रात झालेत, आणि आपल्यालाच ते माहीत नसतात. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी खेड्यापाड्यांतल्या सुमारे एक लाख तीस हजार बायकांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये निकाल छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्याच अभ्यासात पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे साध्या शब्दांत व्हिनेगर, लावून डोळ्यांनी तपासण्याचा मात्र मृत्यूंवर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. आणि मुंबईत, टाटा मेमोरियलच्या अभ्यासात, वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांमध्ये हीच व्हिनेगरची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी करत राहिल्या, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, असं २०१३ मध्ये जाहीर झालं. (तुलनेच्या गटातल्या बायकांची तपासणी केली नाही यावरून पुढे वाद झाला, आणि तो रास्त होता.) व्हिनेगर तेच. कोण लावतं, किती वेळा लावतं, नंतर कोण पाठपुरावा करतं, यानं आकडे बदलले. सेन्सर बनवणाऱ्यांच्या पेपरात या बाईचा, दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्तीचा, सहसा उल्लेख नसतो.

भाटियांच्या प्रयोगशाळेला याची जाणीव दिसते, ते मला महत्त्वाचं वाटतं. २०२४ च्या जानेवारीत त्यांनी जे छापलं त्यात इंजेक्शनही नाही. नेब्युलायझरनं कण श्वासातून आत घ्यायचे, फुप्फुसात गाठ असेल तर तिथे शेपट्या कापल्या जातील, आणि लघवीत कागदाची पट्टी बुडवायची. जिथे सीटी स्कॅन सहज मिळत नाही अशा ठिकाणांचा विचार करून हे केलंय असं ते सांगतात. सुरुवातीला वीस प्रकारचे सेन्सर होते, त्यातून निवडून चारांवर आणले, म्हणजे पट्टी सुटसुटीत राहील. प्रयोग अर्थातच उंदरांवर.

नेब्युलायझर आपल्याकडच्या बऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत आत्ताही सापडेल. पट्टी वाचायला आशाताईंना एका दिवसात शिकवता येईल. पण पट्टीवर नको ती रेघ उमटली, तर खात्री करायला पुढे सीटी स्कॅन लागणारच, आणि तो मावशीच्या गावापासून बसनं अडीच तासांवर आहे, तेही बस वेळेवर आली तर.